शिडीखाली उभा राहून : बर्जिल्लय आणि आम्ही दोघं

आजचं वाचन : 2 शमुवेल 19:31-39. सोबत 2 शमुवेल 17:27-29 आणि यहोशवा 14:6-12 हेही वाचावं.



आजचं चिंतन उशिरा लिहितोय. रोज पहाटे लिहायला बसतो, पण काल रात्री थ्री-फेज लाइट दोन वाजता आली. बोअरची मोटर चालू करून टाकी भरेपर्यंत साडेतीन वाजले. मग झोप कसली! आणि खरं सांगायचं तर उशीर होण्याचं कारण नुसती मोटर नाही. आजच्या वचनाने मला रविवारपासूनच धरून ठेवलं आहे. लिहावं की न लिहावं, असं दोन दिवस चाललं होतं. सौ. म्हणाली, "लिहा. दुसऱ्यांच्या चुका रोज लिहिता, एक दिवस आपली लिहा."

जे नव्याने वाचत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी जळगावात हायस्कूलला गणित शिकवत होतो. निवृत्त झालो, पेन्शन चालू झाली, घराचं कर्ज फिटलं. सकाळी फिरायला जायचं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी मंडळीच्या कमिटीत भांडायचं, असं चाललं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये दोन वर्षांच्या बोलीवर आम्ही दोघं इकडे आलो. साक्रीच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, अठ्ठावीस मुलग्यांचं हे लहानसं वसतिगृह आहे. पगार नाही, राहायला एक खोली आहे. माझं वय सहासष्ट, हिचं त्रेसष्ट. हिचे दोन्ही गुडघे गेलेले, मला साखर. पाळकसाहेबांनी आम्हाला निरोप देताना मंडळीपुढे उभं करून "आपले ज्येष्ठ मिशनरी जोडपे" असं म्हटलं, तेव्हा ही माझ्या कानात पुटपुटली, "ज्येष्ठ कळलं, मिशनरी कशावरून?"

तो प्रश्न तिने चेष्टेत विचारला होता, पण मी तो मनात ठेवला. लहानपणी आमच्यासाठी मिशनरी म्हणजे गोरी माणसं. जुन्या पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनची, जिला आता टीम म्हणतात, आणि जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची माणसं होती. ताप्ती लाइनवर चिंचपाड्याचं हॉस्पिटल 1942 पासून उभं आहे, आजही आमच्या भागातला माणूस तिथे जातो. माझी आजी एका मॅडमसाहेबांकडे कामाला होती. ती त्यांच्या प्रवचनाबद्दल कधी काही सांगायची नाही. सांगायची ते एवढंच, की मॅडमसाहेब आपली लेकरं डोंगरावरच्या दूरच्या शाळेत पाठवायच्या तेव्हा स्टेशनवर हसून हात हलवायच्या आणि घरी येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. दुपारी दार उघडायचं, मग औषधाची पेटी घेऊन वस्तीवर. "साहेब मात्र त्या दिवशी बी प्रार्थनेला वेळेवर," असं आजी म्हणायची. ते ती कौतुकाने म्हणायची की कसं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

आमचा दिवस कसा जातो ते बऱ्याच जणांनी विचारलं आहे. साडेचारला उठणं. पाणी तापवायचं, कारण थंडीत गार पाण्याने आंघोळ केली की एका मुलाचे हातपाय दुखायला लागतात. त्याला सिकलसेल आहे. आमच्या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि मुलगा रात्री दोन वाजता ओरडत उठतो. सहाला प्रार्थना. मुलं गाणं मोठ्याने म्हणतात आणि वचन झोपेत ऐकतात. मग नागलीची भाकरी नाहीतर पोहे, मग शाळा. दुपारी मी हिशेब लिहितो, ही फाटलेल्या चड्ड्या शिवते. संध्याकाळी अभ्यास. मी अपूर्णांक शिकवतो. चार महिने शिकवतोय, अजून छेद समान करणं जमत नाही. आठला जेवण, नऊला दिवे बंद. मग ही बॅटरी घेऊन एक फेरी मारते, कोणाचं पांघरूण सरकलं, कोणाला ताप आहे, ते बघते. ती फेरी मी कधी मारली नाही. त्या वेळेला मी उद्याचं चिंतन काढत असतो.

यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं भरून बारडोली-मढीकडच्या साखर कारखान्यांना. परत येणार उन्हाळ्यात. पूर्वी मुलंही सोबत जायची आणि शाळा तिथेच संपायची, म्हणून तर हे वसतिगृह. या महिन्यात ट्रक गेले. रात्री फाटकाशी उभं राहून एक आई हिला म्हणाली, "आजी, हाई पोरगं तुमनं." एवढंच. आणि ट्रक निघाला. मुलगा रडला नाही. तिसरीत आहे. ट्रकचा दिवा दिसेनासा झाला तेव्हा तो हिच्या पदराला हात पुसून आत गेला.

आता रविवारचं सांगतो.

इथे खोलीत फोनला रेंज नाही. गच्चीवर टाकीपाशी उभं राहिलं तर दोन कांड्या येतात. गच्चीला जिना नाही, लोखंडी शिडी आहे. हिच्या गुडघ्यांमुळे ती जूनपासून एकदाही वर चढली नाही. त्यामुळे घरचे सगळे फोन मी घेतो आणि खाली येऊन सांगतो. रविवारी उपासनेनंतर पुण्याहून मुलीचा फोन आला. लग्नाला सात वर्षं झाली, पहिलंच मूल, डिसेंबरच्या शेवटची तारीख दिली आहे. ती म्हणाली, "पप्पा, आईला दोन महिने पाठवाल का? डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय, नाहीतर मीच आले असते."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "बेटा, आम्ही प्रभूला दोन वर्षं दिली आहेत. नाताळात ही मुलं इथेच असणार. आईला हलता येणार नाही. देव तुझी काळजी घेईल."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ठीक आहे पप्पा."

खरं सांगतो, शिडी उतरताना मला बरं वाटत होतं. त्या सकाळीच मी कालेबवर बोललो होतो. चाळिसाव्या वर्षी हेर म्हणून गेला, पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली आणि पंच्याऐंशीव्या वर्षी यहोशवापुढे उभा राहून त्याने तोच डोंगर मागितला जिथे धिप्पाड अनाकी राहत होते, आणि अंगात जोर तेवढाच आहे असं सांगितलं. माझा आवडता उतारा. म्हाताऱ्या कामकऱ्यांच्या प्रत्येक सभेत तोच घेतात. मला वाटलं, मीही डोंगर मागितला. जेवताना हिला सांगितलं, असा असा फोन होता, मी असं असं सांगितलं. ती वाढत होती. वरणाची वाटी खाली ठेवली, "बरं" म्हणाली, आणि मुलांना भात वाढायला उठली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ संपलं. मोटर बंद करा. अमक्याला खोकला आहे.

आता बर्जिल्लयाकडे येतो. हा माणूस पवित्र शास्त्रात फार थोड्या ठिकाणी येतो आणि त्याच्यावर प्रवचन मी तरी ऐकलेलं नाही. अबशालोमाने बंड केलं, दावीद यरुशलेम सोडून पळाला, यार्देनपलीकडे महनाईमला आला. सोबत थकलेली, भुकेली माणसं. तिथे तिघे जण सामान घेऊन आले : शोबी, माखीर आणि हा बर्जिल्लय गिलादी. काय आणलं त्याची यादी सतराव्या अध्यायात आहे. अंथरुणं, भांडी, गहू, सातू, पीठ, भाजलेलं धान्य, शेंगा, मसूर, मध, लोणी, मेंढरं, दुधाचे पदार्थ. मंगळवारी रात्री मी ही यादी मोठ्याने वाचत होतो. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिकडूनच म्हणाली, "अंथरुणं आधी लिहिलीत का?"

मी म्हटलं, "हो."

"मग यादी बाईने केली असणार."

दोन दिवसांत तिने स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी खूप वर्षं शास्त्र वाचतोय, मला हे कधी दिसलं नाही. बर्जिल्लयाच्या बायकोचं नाव शास्त्रात नाही. पण पुरुष माणूस सैन्यासाठी सामान काढायला बसला तर आधी गहू आणि मेंढरं लिहील. थकून आलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला लागते, हे रात्रीची फेरी मारणाऱ्यालाच कळतं. हा काही टीकाकारांचा अर्थ नव्हे, आमच्या खोलीतला आहे, पण मला पटला.

पुढे लढाई संपली. दावीद परत निघाला, ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय त्याला यार्देनपर्यंत पोचवायला आला. राजा म्हणाला, माझ्याबरोबर चल, यरुशलेमेत मी तुझा सांभाळ करीन. केवढा मान! राजाच्या पंक्तीला बसायचं. आणि म्हातारा नाही म्हणतो. त्याची कारणं वाचा, किती साधी आहेत. मला आता खाण्यापिण्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, तुला माझं ओझं कशाला? नदी ओलांडून थोडा पुढे येतो, मग मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू दे. हा किम्हाम आहे, याला ने.

कालेब पंच्याऐंशीव्या वर्षी डोंगर मागतो आणि बर्जिल्लय ऐंशीव्या वर्षी राजवाडा नाकारतो. शास्त्रात दोघांनाही दोष दिलेला नाही. कालेबला हेब्रोन मिळालं. बर्जिल्लयाचं दावीदाने चुंबन घेतलं, आशीर्वाद दिला, आणि मरताना शलमोनाला सांगून ठेवलं की बर्जिल्लयाच्या मुलांना तुझ्या पंक्तीला बसव (1 राजे 2:7). इतकंच काय, यिर्मयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात, यरुशलेम पडल्यानंतर, बेथलेहेमजवळ किम्हामाच्या नावाची उतरायची जागा आहे. मधे चारशे वर्षं गेली. म्हातारा गेला नाही, पण नाव पोचलं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने हिला समजावून सांगत होतो. म्हटलं, बघ, कधी डोंगर चढायचा आणि कधी घरी जायचं हे ओळखता आलं पाहिजे. आफ्रिकेत रॉबर्ट आणि मेरी मोफट हे जोडपं कुरुमानला पन्नासेक वर्षं राहिलं. पाण्याचे पाट काढले, बागा केल्या, त्सवाना भाषेत सगळं बायबल 1857 ला पुरं केलं. त्यांची मुलगी लिव्हिंग्स्टनला दिली होती, तीही तिकडेच तापाने 1862 मध्ये गेली. 1870 ला पंचाहत्तरीच्या घरात ते इंग्लंडला परतले आणि काही महिन्यांतच मेरीबाई वारल्या. आयुष्यभर कालेब, शेवटी बर्जिल्लय. आणि आपल्याकडे रेव्हरंड टिळक बघ, 1917 ला, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार काढला. त्या वयात!

ही उठून बसली. म्हणाली, "किम्हामाला विचारलं होतं का?"

"कोणी?"

"तुमच्या बर्जिल्लयाने. स्वतःला जायचं नव्हतं, नाही म्हणाला, ठीक. पण किम्हामाला ने, असं परस्पर सांगितलं. त्याला विचारलं होतं का?"

मी पुस्तक चाळलं. लिहिलेलं नाही.

"आणि टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का?"

यावर मी काय बोलणार? 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात तिनेच आणलं, तिनेच तीन वेळा वाचलं. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोला आधी कल्पना नव्हती. पुढची पाचेक वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती आपल्या पायांनी आली आणि आपल्या मनाने ख्रिस्ती झाली. आल्यावर त्या घरात जो येईल त्याला तिनेच वाढलं. आपल्या धरणगावचे बालकवी ठोमरे, ज्यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनाने बालकवी हे नाव दिलं, तेही अहमदनगरला टिळकांच्याच घरी घरच्या मुलासारखे राहिले होते. भादली स्टेशनापाशी 1918 च्या मे महिन्यात गाडीखाली गेले, अठ्ठावीसही पुरे झाले नव्हते. भुसावळकडून येताना भादली लागली की ही आजही खिडकीतून बाहेर बघते. "लक्ष्मीबाईंना कोणी सांगितलं असेल?" असं एकदा म्हणाली होती. त्यानंतर वर्षभराने, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, टिळकांचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने! टिळकांचं काम पुरं झालं ते पुष्कळसं तिच्या हातून, पण आपण देवाचा दरबार म्हणताना नाव कोणाचं घेतो?

बंधूंनो, मी रविवारी जे केलं त्याला मी अर्पण म्हणत होतो. पण अर्पण आपल्याजवळचं द्यायचं असतं. मी हिचं दिलं. हिचं आईपण उचललं आणि वेदीवर ठेवलं, आणि मोबदल्यात बरं वाटणं मात्र मला मिळालं. प्रभू येशूने मार्क 7 मध्ये याच गोष्टीवर परूश्यांना धरलं आहे : आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून मोकळं व्हायचं. तो उतारा मी मुलांनी आईबापांना सांभाळावं म्हणून अनेकदा सांगितला. बापाने मुलीला 'कुर्बान' सांगितलं तर काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि आजीचं बोलणं आता कळलं. साहेब वेळेवर प्रार्थनेला होते. दाराबाहेर एकदा उभे राहिले असते तर प्रार्थना दहा मिनिटं उशिरा झाली असती.

मी हिची क्षमा मागितली. लगेच मिळाली असं लिहिलं तर खोटं होईल. ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलं असतं तर कदाचित मीही नाहीच म्हणाले असते. तो तिसरीतला पोरगा रात्री मला शोधतो. पण ते मी म्हणायचं होतं."

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. असं कागद-पेन घेऊन, दोघांचं ऐकून ठरवण्याची ही बहुधा दुसरी वेळ. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ही साक्रीहून धुळ्याला आणि धुळ्याहून पुण्याच्या बसने जाईल. बाळंतपण आणि सव्वा महिना होईपर्यंत राहील. नाताळ मुलांसोबत मी करीन. स्वयंपाकाच्या मावशी दिवसा असतात, रात्रीचं मला बघायचं आहे. देव तिला तिकडे आणि मला इकडे ठेवतोय. यातलं कुठलं मिशन आणि कुठलं घर, ते मी आता वेगळं करायला जात नाही.

रात्रीच्या फेरीचं शिक्षण लगेच सुरू झालं. मला वाटत होतं बॅटरी घेऊन चक्कर मारायची. तिने वही काढली. अठ्ठावीस नावं, प्रत्येकापुढे काही ना काही. हा अंथरूण ओलं करतो, न बोलता चादर बदलायची, सकाळी विषय काढायचा नाही. हा झोपेत चालतो, दाराची वरची कडी लावायची. याची आई गेल्या वर्षी गेली, पावसाच्या रात्री जागा असतो. सिकलसेलवाल्यापुढे सगळ्यात जास्त लिहिलं होतं : फोलिकची गोळी रोज, पाणी भरपूर, झोपताना मोजे, दुखायला लागलं तर गरम पाण्याची पिशवी आणि पाणी पाजत राहायचं. ताप आला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा डोळे एकदम पिवळे दिसले तर वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. फोन करायला गच्चीवर जावं लागतं म्हणून शिडीजवळ बॅटरी टांगलेली ठेवायची. दीड वर्षं मी या मुलांना वचन सांगतोय आणि यातली निम्मी माहिती मला नव्हती. मी काल पहिली फेरी मारली. तिसरीतला पोरगा जागाच होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी जाई राहिनी का?" मी म्हटलं, "जाऊन येणार." तो म्हणाला, "सगळा तसंच सांगतस," आणि कूस बदलली. मला उत्तर सुचलं नाही. मी बसून राहिलो, तो झोपेपर्यंत. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

एक काम राहिलं होतं. आज सकाळी मुलं शाळेत गेल्यावर मी गच्चीवर गेलो आणि पुण्याला फोन लावला. मुलीला म्हणालो, "बेटा, रविवारी मी आईला न विचारता बोललो. चुकलो." ती काही बोलेना. मग नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "पप्पा, आईला फोन द्या."

मी म्हटलं, "आई खाली आहे. काय सांगायचं ते सांग, मी सांगतो."

"नाही. आईलाच द्या."

मी कठड्यावरून खाली बघितलं. ही शिडीपाशीच उभी होती, पदर खोचून, दोन्ही हात दांड्यांवर. मी म्हटलं, अगं गुडघे, तर म्हणाली, "तुम्ही खाली या आणि शिडी धरा." मी फोन टाकीच्या कडेला ठेवला, खाली उतरलो. सोळा पायऱ्या आहेत. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मधे दोनदा थांबून, ती चढली. नवव्या पायरीवर "प्रभू" म्हणाली, मला वाटलं उतरते आता. नाही उतरली. वर पोचली, फोन घेतला आणि टाकीच्या सावलीत बसली.

काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पाऊण तास झाला असेल. मी शिडी धरून उभा होतो.